पिशवीच्या खिशाचं निम्मं काम मशीनवर बसण्याआधीचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: खणाच्या आणि कॅनव्हासच्या पिशव्यांना बाहेरून लावलेला खिसा तिरका दिसतो आणि त्याचे खालचे दोन कोपरे सारखे येत नाहीत. आतल्या चेनच्या खिशाच्या चौकटीला कोपऱ्यात चुण्या पडतात. थोडे दिवस वापरल्यावर खिशाचं तोंड उघडं पडतं आणि वरच्या कोपऱ्याशी कापड फाटतं. शिवाय आधीच शिवून ठेवलेल्या पिशव्यांचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच. याचं कारण म्हणून तुम्ही लिहिलंय की मशीनवर अजून हात बसलेला नाही.

मला तसं वाटत नाही. पिशवीचे पट्टे आणि बाजूच्या शिलाया सरळ येतात असं तुम्हीच सांगता, म्हणजे हात बसलेला आहे. गडबड सुई कापडात शिरण्याच्या आधी होतेय. कापताना, मोजताना आणि इस्त्रीला. खिसा सुबक दिसतो तो टिपेमुळे नाही. टीप फक्त आधी ठरलेला आकार पक्का करते, आणि आकारच वाकडा असेल तर तोही तितकाच पक्का करते.

कापडापासून सुरू करू. सुती कॅनव्हास, मांजरपाट, हातमागाचं जाड कापड पहिल्या धुण्यात आटतं. टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्र कापड, जवळजवळ आटत नाही. पिशवीचं अंग सुती आणि खिसा किंवा त्याचं अस्तर टेरिकॉटचं असेल, तर गिऱ्हाइकाने पिशवी धुतली की अंग लहान होतं, खिसा होता तेवढाच राहतो आणि फुगतो. तुमच्या हातून निघाली तेव्हा पिशवी अगदी ठीक होती, म्हणून हा दोष तुम्हाला कधी दिसतच नाही. सुती कापड आधी पाण्यातून काढा, सावलीत वाळवा आणि थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा. खणाला मात्र हे करू नका. बाजारात मिळणारा बहुतेक खण आता कृत्रिम रेशमाचा असतो. त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. रंग सुटत असेल तर फिकट कॅनव्हासवर तो खिसा लावू नका आणि गिऱ्हाइकालाही पिशवी धुण्याबद्दल आधीच सांगा.

खणाबद्दल आणखी थोडं, कारण तुमचा अर्धा माल त्याचाच आहे. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण मुळात चोळीसाठी विणलेला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, पोत हलका, आणि कात्री लागली की कडेचे धागे सुटायला लागतात. पिशवीचा खिसा फोन, किल्ल्या, चिल्लर यांचं वजन पेलतो. चोळीच्या कापडाकडून ते काम एकट्याने होत नाही. म्हणून खणाच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग आधी लावा आणि मग खिसा कापा. कापून मग पेस्टिंग लावलं तर तोवर कड अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तरी झिजलेली असते आणि तुमचं माप तिथेच चुकतं. पेस्टिंग लावताना इस्त्री घासत पुढे नेऊ नका. वर सुती फडकं ठेवा, एका जागी दाबा, उचला, पुढच्या जागी दाबा. तुकडा पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका, कारण गरम असताना डिंक मऊ असतो आणि तेव्हा कापड ओढलं गेलं की कायमचं तिरकं चिकटतं. इस्त्रीचा ताव कमीच ठेवा.

खणाचा काठ फेकू नका. काठाची तयार कड खिशाच्या तोंडाला घेतली की तिथे दुमड लागत नाही, जाडी वाढत नाही आणि दिसायलाही फार छान दिसतं. फक्त तसं केलं की अंगावरची नक्षी आडवी फिरते. ती दोन्हीकडून सारखी दिसणारी आहे का हे कापण्याआधी बघा. खणाच्याच पिशवीवर खणाचा खिसा लावत असाल तर बुट्ट्यांच्या ओळी जुळल्याच पाहिजेत. अर्धी ओळ सरकली तरी खिसा तिरका भासतो, मग तो मोजून सरळ असला तरी. कापड वाया घालवायचं नसेल तर खणाच्या पिशवीला साधा एकरंगी खिसा आणि साध्या कॅनव्हासला खणाचा खिसा, ही जोडी मला जास्त आवडते.

आता जागा. खिसा तिरका किंवा खाली घसरलेला दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण हे की आपण कापलेल्या तुकड्यावर मध्य काढतो. गिऱ्हाइकाला तो तुकडा दिसत नाही, त्याला शिवलेली पिशवी दिसते. समजा, अंगाचा तुकडा १६ इंच रुंद आणि १५ इंच उंच कापला. माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर राहणारं जादा कापड, सगळीकडे अर्धा इंच. तळाला ३ इंचांचा चौकोनी बुड काढणार. म्हणजे खालून अर्धा इंच माया आणि दीड इंच बुडात, वरून अर्धा इंच माया. उंची उरली साडेबारा. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच माया आणि दीड-दीड इंच कडेला वळणारं कापड. रुंदी उरली १२. खिशाचा हिशोब या १२ बाय साडेबाराच्या चौकटीत करायचा. ७ इंच उंचीचा खिसा असेल तर वर अडीच आणि खाली तीन इंच मोकळे ठेवा. अगदी मध्यात लावलेला खिसा डोळ्याला खाली वाटतो, आणि आत सामान पडल्यावर तर तो खरंच खाली येतो.

ही चौकट आधी खडूने आखून घ्या. तुकड्याची उभी घडी घालून मध्यरेषेवर नखाने किंवा इस्त्रीने ठसा उमटवा, खिशाचीही तशीच उभी घडी घाला, आणि ठशावर ठसा ठेवा. वरची ओळ गुनियाने, म्हणजे काटकोनी पट्टीने, काढा. कडेपासून पट्टी लावून मोजाल तर कापताना झालेली चूक खिशात उतरेल. खुणा खिशाच्या कडेपेक्षा थोड्या आत करा, म्हणजे त्या झाकल्या जातात. हे सगळं पिशवी उघडी, सपाट असतानाच करायचं. बाजू जोडल्यावर खिसा लावायला गेलात तर मशीनखाली कापड सपाट बसवणं अवघड असतं आणि टीप कुठेतरी ओढली जातेच.

कोपरे सारखे यायला साचा लागतो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा यासाठी उत्तम. तयार खिसा ज्या मापाचा हवा त्याच मापाचा पुठ्ठा कापा; माया धरू नका. खालचा एक कोपरा दहा रुपयांच्या नाण्याने गोल करा, मग पुठ्ठा उभा दुमडून दुसरा कोपरा पहिल्यावरूनच कापा. दोन कोपरे वेगवेगळे आखले की ते कधीच सारखे होत नाहीत.

विकायच्या पिशवीला अस्तर लावलेलाच खिसा करा. तयार खिसा ६ इंच रुंद, ७ इंच उंच हवा असेल तर बाहेरचं कापड ७ बाय ९ कापा आणि अस्तर ७ बाय ७. अस्तराची रुंदी एक सूत कमी ठेवा. दोन्हींच्या वरच्या कडा सुलटवर सुलट ठेवून अर्ध्या इंचावर जोडा, मात्र मध्ये दोन इंच टीप न मारता सोडून द्या. मग खालच्या कडा एकमेकींना जुळवा. बाहेरचं कापड आपोआप एक इंच आत वळेल. हा एक इंच महत्त्वाचा, कारण त्यामुळे तोंडाशी अस्तर डोकावत नाही. आता पुठ्ठा ठेवून तीन बाजूंची रेघ आखा आणि त्याच रेघेवर शिवा. गोल कोपऱ्याची माया एक सुतापर्यंत छाटा आणि त्याला लहान लहान त्रिकोणी खाचा द्या. माया एकावर एक चढते म्हणूनच एक कोपरा गोल आणि दुसरा बोजड दिसतो. सोडलेल्या जागेतून खिसा सुलटा करा, पुठ्ठा आत सरकवा आणि त्याच्याभोवती इस्त्री करा. शिलाईची रेघ केसभर अस्तराच्या बाजूला वळली पाहिजे. पुठ्ठा काढून ती दोन इंचांची फट हाताने बंद करा; ती खिशाच्या आत राहते, कोणाला दिसत नाही.

बिनअस्तराचा खिसा करायचाच असेल तर कोपऱ्याच्या मायेत हाताने धावदोरा घाला, पुठ्ठ्यावर ओढून घ्या आणि इस्त्री करा. चुण्या मागे जातात, पुढची कड गोल येते.

खिसा अंगावर लावण्याआधी त्याच्या तोंडावर दोन टिपा मारून घ्या, पहिली कडेपासून एक सूत, दुसरी पाव इंचावर. तोंड उघडं पडण्याचा उपाय इथेच आहे. सैल विणीचं किंवा उरेब, म्हणजे तिरकं, कापलं गेलेलं कापड हात घालून घालून ताणलं जातं. तोंडाच्या घडीत (अस्तराच्या खिशात ती फट बंद करण्याआधीच) अर्धा इंच रुंदीची सुती टेप घालून या दोन टिपांत पकडली की ते ताणलं जात नाही. सात इंचांहून रुंद खिशाला मध्ये एक उभी टीप द्या किंवा मॅग्नेट बटण लावा. एवढा रुंद खिसा मध्ये आधार नसेल तर वाकतोच, कापड कितीही चांगलं असो.

खिसा जागेवर धरायला जाड कापडात टाचण्या फारशा कामाच्या नाहीत. टाचणी घालतानाच कापड उचललं जातं. हाताने मोठे कच्चे टाके घाला. पाच मिनिटं जातात, पण उसवण्याचा अर्धा तास वाचतो. कॅनव्हासवर शाळेतल्या गोंदाच्या कांडीची एक रेघ चालते, धुतल्यावर निघून जाते. खणावर ती वापरू नका, डाग राहतो.

सुई कॅनव्हासला १६ नंबरची, खणाला १४, आणि जिथे कॅनव्हासचे चार थर येतात तिथे १८. दोरा पॉलिएस्टरचा. ब्लाउजची सुती रिळं पिशवीच्या खिशाला नकोत, घासून तुटतात. टाका इंचाला ८ ते ९. यापेक्षा बारीक टाका जास्त मजबूत असेल असं वाटतं, पण जाड कापडात तो भोकांची एक सलग रांग तयार करतो आणि कापड त्याच रांगेवर फाटतं.

आता शिवण्याची दिशा. बहुतेक जण खिशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करतात, खाली येतात, तळ शिवून उजवीकडून वर जातात. मशीनचे दात खालचं कापड ओढत असतात आणि वरचा थर फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, दाबाने पुढे सरकत राहतो. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर असं शिवलं की एका बाजूचं जादा कापड तळाकडे जातं आणि दुसऱ्या बाजूचं तोंडाकडे. खिसा तिरका होतो. त्याऐवजी तळाच्या मध्यापासून सुरू करा, एक कोपरा वळवून तोंडापर्यंत जा. दोरा तोडा. पुन्हा तळाच्या मध्याला या, दुसऱ्या बाजूने वर जा. दोन्ही बाजूंचं जादा कापड तोंडाकडे निघून जातं आणि तिथे अडत नाही. फक्त या वेळी आखलेल्या खुणांपेक्षा खिशाचं तोंड एक सूत रुंद ठेवा, म्हणजे सपाट ठेवल्यावर तोंडाला किंचित ढील राहील. हात आणि वस्तू आत जायला तेवढी लागते. त्याहून जास्त दिलीत तर तोंड पुन्हा लोंबेल.

गोल कोपऱ्यावर मोटर किंवा पायाचा वेग सोडून चाक हाताने फिरवा. दर दोन टाक्यांनी सुई कापडात ठेवून फूट उचला आणि थोडं वळवा. जाड जागी फूट पुढून उचलला गेला की टाके लहानमोठे पडतात. त्याच्या मागच्या बाजूला त्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, फूट सपाट होतो आणि टाके एकसारखे येतात.

वरचे कोपरे फाटण्याची तक्रार फार जुनी आहे. अमेरिकेत रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. कामगारांच्या विजारींचे खिसे कोपऱ्याशी सारखे उसवत, म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकायला सुरुवात केली, आणि २० मे १८७३ रोजी त्याला व लीव्हाय स्ट्रॉस कंपनीला त्याचं पेटंट मिळालं. जीन्सच्या खिशावर आजही दिसणारं ते बटणासारखं धातूचं टोक तेच. खिशाचं सगळं ओझं वरच्या दोन कोपऱ्यांवर येतं, तळावर नाही, हे त्यामागचं साधं कारण आहे.

पिशवीला रिव्हेट हवाच असं नाही. अंगाच्या उलट बाजूला, नेमकं कोपऱ्यामागे, दीड इंचाचा कॅनव्हासचा चौकोन ठेवा आणि खिशाची टीप त्यातून जाऊ द्या. टिपेच्या शेवटी एक छोटा त्रिकोण शिवा: बाजूने वर, तोंडावर पाव इंच आत, आणि तिरकं खाली परत. नुसती उलटी टीप पुरत नाही. ती त्याच ओळीत दोन-तीनदा भोकं पाडते आणि नेमकी तिथेच ओढ असते. कोपरा फाटतो तेव्हा नीट बघा. बहुतेक वेळा खिसा शाबूत असतो आणि अंगाचं कापड गेलेलं असतं. म्हणून आधार अंगाला द्यायचा, खिशाला नाही.

चेनच्या खिशाकडे वळू. आतल्या खिशाला ३ नंबरची चेन पुरते, ५ नंबर पिशवीच्या तोंडाला ठेवा. मीटरवर घेतलेली चेन असेल तर रनर, म्हणजे चेन उघडझाक करणारी सरकती कडी, आधी ओवून दोन्ही टोकं शिवून बंद करा, नाहीतर चौकट शिवून झाल्यावर रनर हातात येतो. सात इंचांच्या चौकटीला आठ इंच चेन घ्या. खिशाचं कापड ९ बाय १७ कापा. पिशवीच्या अस्तराच्या वरच्या कडेपासून अडीच इंच खाली, सुलट बाजूला, सात इंच लांब आणि तीन सूत रुंद चौकट येईल असा हिशोब करा. अस्तराच्या मागून त्या जागी पेस्टिंगचा तुकडा चिकटवा. खिशाचं कापड सुलटवर सुलट ठेवा, त्याची वरची कड चौकटीच्या दीड इंच वर राहील असं. चौकट त्याच्या उलट बाजूवर आखा आणि बारीक टाक्याने, इंचाला १४-१५, चारही बाजू शिवा.

आता कात्री मध्यरेषेवर चालवा, टोकांपासून अर्ध्या इंचावर थांबा आणि तिथून दोन्ही कोपऱ्यांकडे तिरके काप द्या, इंग्रजी वाय अक्षरासारखे. तुमच्या चुण्यांचं कारण हेच आहे: काप कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. भीती वाटते आणि आपण सूतभर आधीच थांबतो. उरलेलं तेवढं कापड सुलटं करताना ओढलं जातं. लहान टोकदार कात्री घ्या आणि टाक्यापासून एक धागा उरेपर्यंत कापा. मागे पेस्टिंग असल्यामुळे तो एक धागा टिकतो. कापड आत ओढून घ्या आणि चौकट इतकी नीट इस्त्री करा की चेन नसतानाही ती काटकोनात दिसेल. इथे घाई केली तर पुढे काही दुरुस्त होत नाही. मग चेन मागे ठेवा, कच्चे टाके घाला, अर्ध्या फूटने, म्हणजे चेन लावायच्या एका बाजूच्या फूटने, कडेला टीप मारा. रनर वाटेत आला की सुई आत ठेवून फूट उचला, रनर मागे सरकवा आणि पुढे जा.

शेवटी खिशाचं कापड खालून दुमडून वर आणा. त्याची मागची कड अस्तराच्या वरच्या कडेला पोचेल. ती पिशवीच्या तोंडाच्या शिलाईत पकडा. बाजू शिवताना फक्त खिशाचं कापड पकडा, अस्तर नको. अशा खिशात जड पाकीट ठेवलं तरी वजन तोंडाच्या शिलाईवर जातं, चेनच्या चौकटीवर नाही, आणि अस्तर खाली ओढलं जात नाही. सहा इंच खोल खिसा मिळतो, तो पाकिटाला पुरेसा आहे.

मापांबद्दल एवढंच: सपाट खिशात वस्तू घालायची असेल तर तिची रुंदी, अधिक जाडी, अधिक पाऊण इंच. कव्हरसकट फोन साधारण सव्वातीन इंच रुंद आणि अर्धा इंच जाड धरला तर साडेचार इंच. बाटलीच्या खिशाला सूत्र लावत बसू नका. पिशवीच्या कडेवर बाटली उभी धरा, कागदाची पट्टी कडेच्या एका शिलाईपासून बाटलीवरून दुसऱ्या शिलाईपर्यंत न्या, त्यात एक इंच ढील आणि दोन्हीकडची माया मिळवा. जादा कापड तळाला दोन प्लेट घालून बसवा, तोंडाला इलॅस्टिक घाला.

आधी शिवलेल्या पिशव्यांचं. कॅनव्हासच्या पिशव्या उसवायला हरकत नाही. जुनी भोकं ओल्या फडक्याने पुसून नखाने आडवी-उभी चोळा आणि इस्त्री करा, बरीचशी बुजतात. खणाला आणि मागून प्लॅस्टिकचा थर असलेल्या ज्यूटला हे चालत नाही, भोक पडलं ते पडलं. अशा ज्यूटला मागून गरम इस्त्रीही लावू नका, थर वितळून चिकटतो. तिथे जुना खिसा काढून पाव-अर्धा इंच मोठा खिसा जुन्या टिपा झाकेल असा लावा, किंवा कडेवर गोट बसवा. कोपरा फाटला असेल तर मागून कॅनव्हासचा चौकोन लावून दोन्ही कोपऱ्यांवर सारखे त्रिकोणी तुकडे शिवा; एकाच बाजूला लावलात तर ठिगळ दिसेल. चेनच्या चौकटीला चुण्या असतील तर फक्त टोकाकडची टीप उसवा, काप एक-दोन धागे पुढे न्या, पुन्हा इस्त्री करून टीप मारा. काप चुकून पुढे गेला असेल तर चौकटीच्या दोन्ही टोकांवर दाट आडवे टाके घाला. चेन बदलायची गरज नाही, तीच परत बसते.